‘एक नंबर’ माल म्हणजे नेमका कोणता?

सागवानाच्या वखारीत ‘शेठ, एक नंबर माल आहे’ हे वाक्य ऐकले की आता माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गेली नऊ वर्षे मी कपाटे आणि स्वयंपाकघरातल्या कपाटांची दारे, म्हणजे शटर, बनवतो आहे आणि या नऊ वर्षांत दोन वखारींत या शब्दाचा अर्थ सारखा असल्याचे मला एकदाही आढळलेले नाही. कुणी गाठ नसलेल्या फळीला एक नंबर म्हणतो, कुणी गडद रंगाच्या फळीला, तर कुणी ज्या ढिगाचा भाव जास्त त्या ढिगाला. ‘बल्लारशा’ आणि ‘सीपी’ ही नावेसुद्धा प्रतवारी असल्यासारखी तोंडावर फेकली जातात. सीपी म्हणजे ब्रिटिशांच्या काळातला मध्य प्रांत, ज्यात चंद्रपूर-गडचिरोलीचा मुलूख येत असे. तिकडचे सागवान उत्तम असते हे मला पूर्ण मान्य आहे, परंतु एकाच ओंडक्यातून स्वच्छ फळीही निघते आणि गाठींनी भरलेलीही निघते, तेव्हा मुलखाचे नाव ही फळीची प्रत कशी होऊ शकते?

मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या शटरांसाठी मी 8 फूट लांब, 8 इंच रुंद आणि 1 इंच जाड अशा 12 फळ्या घेतल्या. घनफुटाला 4,200 रुपये दराने 5.33 घनफुटांचे 22,400 रुपये झाले. वरच्या दोन फळ्या उलटूनपालटून दाखवल्या गेल्या. खालच्या निवडून घेऊ का, असे विचारले तर ढीग मोडता येणार नाही, असे उत्तर मिळाले. कारखान्यात रंधा मारल्यावर बहुतेक फळ्यांच्या एका कडेला सालीलगतचे पांढरे लाकूड निघाले, तीन फळ्यांच्या टोकांना हातभर भेगा होत्या आणि दोन तर पीळ पडल्यामुळे सरळच होईनात. कापून हाती आलेले स्वच्छ लाकूड जेमतेम 3.2 घनफूट भरले, म्हणजे मला ते 7,000 रुपये घनफूट पडले. शेजारीच 2,800 रुपयांचा ‘दोन नंबर’ ढीग होता. त्यातून 65 टक्के लाकूड कामाचे निघाले असते, तरी दर 4,300 रुपयांच्या आसपासच राहिला असता.

मला सर्वांत जास्त संताप याचा येतो की कपाटाच्या कामाला लांबलचक बेदाग फळी लागतच नाही. दोन फूट उंच आणि सव्वा फूट रुंद शटराच्या उभ्या पट्ट्या 24 इंचांच्या आणि आडव्या त्याहून निम्म्याच असतात. हे तुकडे दोन गाठींच्या मधून सहज निघतात. सात फुटी कपाटाचे उभे भाग किंवा टेबलाचा वरचा भाग सोडला, तर एवढ्या लांबीचे पैसे आम्ही कशासाठी मोजायचे?

अमेरिकेत नॅशनल हार्डवुड लंबर असोसिएशन 1898 मध्ये स्थापन झाली आणि तिच्या नियमांत हा प्रश्न आकड्यांत सोडवलेला आहे. सर्वांत वरच्या एफएएस (फर्स्ट्स अँड सेकंड्स) प्रतीच्या फळीतून साधारण 83 टक्के स्वच्छ लाकूड मिळावे लागते आणि त्यातला लहानात लहान तुकडा 4 इंच रुंद व 5 फूट लांब किंवा 3 इंच रुंद व 7 फूट लांब असावा लागतो. नंबर 1 कॉमन प्रतीत हेच प्रमाण साधारण 67 टक्के असते आणि 4 इंच रुंद व 2 फूट लांब किंवा 3 इंच रुंद व 3 फूट लांब तुकडा चालतो. शटराचे माप नेमके तेवढेच असल्यामुळे तिकडे या प्रतीला कॅबिनेट ग्रेड म्हणतात. सागवानाला अमेरिकी नियम जसाच्या तसा लावा, असे माझे म्हणणे नाही; पण फळीतून किती आणि केवढे तुकडे निघतील यावरून तिची प्रत ठरवायला आपल्या वखारवाल्यांना कोणी अडवले आहे?

पांढऱ्या लाकडाबद्दल तर मी अजिबात ऐकून घेणार नाही. सागवानाचा टिकाऊपणा गाभ्यात असतो. पांढऱ्या भागाला कीड लागते आणि सिंकखालच्या ओलीत तो कुजतो. तरीही पट्टी लावताना तो गाभ्याच्याच भावाने मोजला जातो. दोन सूत, म्हणजे पाव इंच, पांढरे असेल तर मी समजून घेईन, पण दीड-दीड इंच पांढऱ्याचे पैसे का द्यायचे?

तक्रार घेऊन गेलो तेव्हा ‘लाकूड नैसर्गिक असतं, शेठ, त्यात असं चालायचंच’ असे मला सांगण्यात आले. लाकूड कसे असते हे मला शिकवू नका. तुम्ही 4,200 रुपये कशाचे घेतले ते सांगा! पावतीवर ‘सागवान, एक नंबर, 5.33 घनफूट’ एवढेच लिहिलेले आहे. गाठी किती, पांढरे किती, स्वच्छ लाकूड किती निघेल, यांबद्दल एक अक्षरही नाही, आणि त्याच पावतीच्या जोरावर माझे 2.13 घनफुटांचे 8,960 रुपये परत करायला त्यांनी साफ नकार दिला.