बळी म्हणे!

काल पावणेअकराला, कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या आत, दारात टॅब घेऊन गुन्ह्यांच्या सर्व्हेवाली एक पोरगी. "मॅडम, मागील १२ महिन्यांत आपण अथवा आपल्या कुटुंबातील सदस्य गुन्ह्याचे बळी ठरलात काय?"

सासूबाई आतून ओरडल्या, "कुणाचा बळी गेला गं?"

अगं बाई, बळी जत्रेत बोकडाचा जातो. मंगळवार पेठेत माणसाचं नुसतं 'गेलं' असतं. पाकीट गेलं, गाडीतलं पेट्रोल गेलं, महाद्वारात चप्पल गेली. पण तसं विचारलं तर इंग्रजीतनं मराठीत आणलेल्या फॉर्मचा अपमान होतो ना! घरात चोरी रोखणारा अलार्म आहे का म्हणे. आहे. सासूबाई. पहाटे चारला उठतात आणि मांजर गेलं तरी "कोण हाय?" विचारतात.

इथवर हसले मी. मग तिनं उंबऱ्यातच उभं राहून, शाळेतला धडा वाचावा तशा खड्या आवाजात, "आपणास कोणी लैंगिक हेतूने स्पर्श..." सुरू केलं. मागं सासूबाई. पायरीवर किटली घेऊन दूधवाला. समोरच्या गॅलरीतल्या वहिनी साडी पिळता पिळता थांबल्या. गर्दीच्या बसमध्ये जे झालं, नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही, ते मी दूधवाल्याला सांगू? "नाही" म्हणाले. तिनं टिक केली. झाली कोल्हापूरची बाई सुरक्षित!

रात्री संतापून मोबाईलवर वाचत बसले. देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणारी सरकारी संस्था म्हणजे एनसीआरबी, तिचे आकडे पोलिसांत नोंदलेल्या गुन्ह्यांचेच. पोलिसांपर्यंत न गेलेलं कळावं म्हणून तर हे सर्व्हे. १९८९ पासून देशोदेशी तेच ते प्रश्न फिरतायत, संयुक्त राष्ट्रांनी २०१० ला त्यावर अख्खी पुस्तिका काढलीय. एवढं सगळं करून माणूस दारात पाठवता, तर बाईला जरा आत स्वयंपाकघरात घेऊन बसा की! चहासुद्धा दिला असता.

"पोलिसांत का कळवलं नाही?" पर्याय काय, तर घटना किरकोळ, पुरावा नव्हता, पोलिसांवर विश्वास नाही. भिशीचे पैसे घेऊन पळाली ती नणंदेची जाऊ. तालमीतल्या जाणत्या माणसांनी बसून मिटवलं, निम्मे पैसे आले, वर तिच्याच घरी चहा झाला. 'मिटवलं' कुठं लिहायचं? "'इतर'मध्ये टाकते, मॅडम." अर्धं कोल्हापूर त्या 'इतर'मध्ये राहतं, बाई.

आणि सिलिंडर! ऑगस्ट २०१९, तेव्हा आम्ही शाहूपुरीत कुंभार गल्लीत. पुरात घर सोडलं, परत आलो तर गाळ होता, सिलिंडर नव्हता. "१२ महिन्यांतलंच सांगा." माणसं जुनं अलीकडं ओढून सांगतात अशी या सर्व्हेवाल्यांना भीती असते म्हणे. ओढणारच! भरलेला होता! दहा मिनिटं भांडले त्या पोरीशी. वरण करपलं. तिचा काय दोष, तिला फॉर्ममागं पैसे.

शेवटी, "आपणास कोणी धमकी दिली का?" इथं "तंगडं मोडून हातात देईन" म्हणजे लवकर घरी ये. म्हटलं, कुणाची हिंमत नाही. टिक. गेली शेजारी.

भिंतीपलीकडनं काकांचा आवाज आला. "धमकी? लिवा की! ही शेजारीण. गाडी दारातनं हलवा, न्हाईतर टायर फोडीन म्हणाली."

आणि ते १२ महिन्यांत बसतं. परवाचंच आहे.