मांजराला पाणी पाजणे

मराठीत एखाद्याला ‘पाणी पाजणे’ म्हणजे त्याला हरवणे. हे मांजराला कुणीतरी सांगितलेलं असावं. नाहीतर घासूनपुसून भरलेलं भांडं ओलांडून ते बाथरूमची ओली फरशी कशाला चाटेल?

तसा दोष खानदानाचा. पूर्वज कोरड्या मुलखातले, पाणी शिकारीतूनच मिळवणारे. त्यामुळे तहान लागते तीच उशिरा. उंदरात जवळपास 70 टक्के पाणी असतं, आपण देतो त्या कोरड्या दाण्यांत जेमतेम 10. चार किलोच्या मांजराला खाण्यातलं धरून दिवसाला साधारण 200 मिली पाणी लागतं. पिण्याची तऱ्हा बघा: जिभेचं टोक मागे दुमडून पाण्याला नुसतं टेकवायचं, झटक्यात वर खेचायचं आणि मागोमाग उठलेली धार तोंडात पकडायची. सेकंदाला चारेक वेळा एवढी कसरत, आणि पदरात पडतात थेंब.

भांडं प्लास्टिकचं नको. ओरखड्यांत बसलेला वास आपल्याला येत नाही, त्याला येतो. काच, चिनी माती किंवा स्टील. मिशा काठाला घासणार नाहीत इतकं पसरट. लिटर बॉक्स, म्हणजे त्याच्या शी-शूचा डबा, त्याशेजारी तर मुळीच नको. संडासात मांडलेलं पान तुम्हाला तरी चालेल का? मांजरं जितकी, त्याहून एक भांडं जास्त, तेही वेगवेगळ्या खोल्यांत.

मोटरने पाणी खेळतं ठेवणारं छोटं कारंजं काहींना आवडतं. पण आठवड्याला मोटर उघडून पंख्यावरचा बुळबुळीत थर जुन्या टूथब्रशने काढायची तयारी हवी. पाणी खाली गेलं की ती घरघरते, आणि साहेब पलंगाखाली.

माझा भरवसा लबाडीवर. डब्यात-पाकिटात मिळणाऱ्या ओल्या खाण्यात मुळातच 75 ते 80 टक्के पाणी असतं. त्यात एक चमचा कोमट पाणी कालवायचं आणि दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवायचं. घाई केलीत की ते ताटलीभोवतीची फरशी पंजाने खरवडून अन्न पुरल्याचं नाटक करतं. चिकन उकडलेलं पाणीही चालतं, पण बिनमिठाचं. कांदा-लसूण त्याला विषारी.

बोका लिटरमध्ये पुन्हापुन्हा बसून कुंथतोय आणि लघवी होत नाही, तर रात्र असली तरी डॉक्टर गाठा. आणि एके दिवशी भांडी आपोआप रिकामी व्हायला लागली, तर जिंकलो म्हणून मिरवू नका. मूत्रपिंड आणि साखर तपासून घ्या.