म्हणायला कोरडी

गाडी धुवायला माणसं हौसेने येतात. वाळवायला कुणी येत नाही. पाईप धरायला घरातली मुलं एका पायावर तयार असतात. फेस उडवतात, एकमेकांना भिजवतात, जमलंच तर गाडीलाही भिजवतात. नळ बंद झाला रे झाला की सगळ्यांना एकाच वेळी अभ्यास आठवतो. मागे उरतो मी, नखशिखांत ठिबकणारी गाडी आणि डोक्यावर येऊ घातलेलं ऊन. तिघांत घाई फक्त उन्हाला असते.

“राहू दे, वाळेल आपोआप,” असं म्हणणाऱ्यांकडे काळ्या रंगाची गाडी नसते, हे मी पैजेवर सांगतो. पाणी आपोआप वाळतं हे कबूल, पण जाताना ते आपलं सामान इथेच टाकून जातं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी जड असेल तर जरा जास्तच. वाफ होते ती नुसत्या पाण्याची. क्षार थेंबाच्या कडेला पांढरं कडं करून बसतात आणि घटकाभरात बॉनेटला कांजिण्या आल्यासारख्या दिसतात. हे डाग कोरड्या फडक्याला दाद देत नाहीत. पुन्हा धुवावेत, तर धुवायला तेच पाणी. पातळ केलेल्या व्हिनेगरने निघतात, पण मग व्हिनेगर धुवायला पुन्हा पाणी. आणि तापलेल्या पत्र्यावर मुक्काम वाढला, तर रंगावरच्या पारदर्शक थरातच ते आपली जागा कोरून घेतात.

मग ओली असतानाच पुसून टाकावी ना? आमच्या घरात या प्रश्नावर दोन पक्ष आहेत.

“इतकी वर्षं लोक फडक्यानेच पुसतायत ना?” हा बायकोचा पक्ष.

“म्हणूनच त्यांच्या गाड्या तशा दिसतात,” हा माझा.

तो पारदर्शक थर, ज्याला रंगवाले क्लिअर कोट म्हणतात, साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाडीचा असतो. डोक्यावरचा एक केस याहून जाड निघेल. (माझ्या डोक्यावरचे उरलेले केस मोजायला घेऊ नयेत.) कितीही घासूनपुसून धुतली तरी एखादा बारीक खडा कुठेतरी दबा धरून असतोच. फडकं त्याला सापडतं आणि दोघं मिळून टपावरून बॉनेटपर्यंत सहल काढतात. रात्री दिव्याखाली बघा, दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल जाळं दिसेल. खरं तर ओरखडे सगळ्या दिशांना पसरलेले असतात; त्यातले दिव्याला आडवे पडलेले तेवढे चमकतात, म्हणून जाळं गोल दिसतं. दिवा सरकवला की जाळंही सरकतं. ही माहिती मी बायकोला टॉर्च हातात घेऊन दाखवली. तिने टॉर्च काढून घेतला.

तेव्हा उपाय एकच: हात न लावता पाणी हाकलायचं. त्यासाठी मी पानं उडवायचा ब्लोअर घेतला. घरात मात्र “अंगणातल्या पाचोळ्यासाठी” असं सांगूनच तो आणावा लागला, आणि पाचोळा अजून जागच्या जागी आहे.

या यंत्राच्या तोंडातून बाहेर पडणाऱ्या वाऱ्याचा वेग चांगल्या मॉडेलात ताशी 200 किलोमीटरच्या वर जातो. आमच्या गाडीने हा आकडा फक्त स्वतःच्या मीटरवर छापलेला पाहिलाय. आता ती अंगणात, हँडब्रेक लावून, इंजिन बंद ठेवून तो वेग अनुभवते. पेट्रोलवर चालणारा दोन स्ट्रोकचा ब्लोअर या कामाला आणू नये, कारण त्याच्या पेट्रोलात तेल मिसळलेलं असतं आणि त्याच्या धुराची हवा धुतलेल्या गाडीभोवती नको. विजेचा बरा. बॅटरीचा आणखी सुटसुटीत, फक्त त्याची बॅटरी डाव्या बाजूची दारं यायची वाट बघत असते आणि ती आली की निजते.

आवाजाबद्दल काय सांगू? आठ तासांच्या कामासाठी 85 डेसिबल ही कानांची मर्यादा धरतात. बरेच ब्लोअर चालवणाऱ्याच्या कानाशी ती सहज ओलांडतात, म्हणून मी कानात बोळे घालतो. माझी सोय झाली. शेजाऱ्यांकडे बोळे नाहीत, पण दांडगा आवाज आहे. शेजारचे काका कुंपणापाशी येऊन बराच वेळ तोंड हलवत होते. मी मान डोलावत राहिलो. ब्लोअर बंद केला तेव्हा कळलं की ते मला सरळ सरळ विचारत होते, “वेड लागलंय का?” आणि मी सगळ्यांदेखत तीन-चारदा होकार दिला होता.

पहिली पाच मिनिटं मात्र राजेशाही. वॅक्स केलेल्या पत्र्यावर पाणी पसरत नाही, टपोरे मणी होऊन राहतं. पाण्याच्या पृष्ठताणाला वॅक्स बळ देत नाही, पण पत्र्याची ओढ कमी करतं, मग पाण्याला स्वतःलाच धरून राहणं भाग पडतं. वारा लागला की हे मणी कळपाने पळत सुटतात. टपापासून सुरुवात करायची, काचा, मग बॉनेट, मग दारं; खालून वर गेलात तर वरचं पाणी तुमची कमाई धुऊन काढतं. ब्लोअरचं तोंड जमिनीकडे झुकलं की जमिनीवरची माती ओल्या दारावर चढते, हेही लक्षात ठेवायचं. वॅक्स नसलेली गाडी असेल तर पाण्याची सलग चादर नुसती थरथरते, हलत नाही.

मोठे थेंब गेले की उरतात बारीक. हे चिवट लोक. मी ब्लोअर टेकवण्याइतका जवळ नेतो, वेग पूर्ण करतो, तरी ते ढिम्म. यामागे शास्त्र आहे. वारा कितीही जोराचा असला तरी पृष्ठभागाला अगदी चिकटून असलेली हवा हलत नाही. तिथून वर जावं तसा वेग वाढत जातो. मोठा थेंब या सुस्त थरातून डोकं वर काढतो आणि उडवला जातो. बारीक थेंब थराच्या आत मान खाली घालून बसतो. दिवसभर गरगरणाऱ्या पंख्याच्या पात्यांवर धूळ बसते तीही याच कृपेने. थोडक्यात, ज्याने डोकं वर काढलं तो गेला. कचेरीत वीस वर्षं टिकलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पण हे सगळे किरकोळ. खरा शत्रू म्हणजे बाजूचा आरसा.

बाहेरून बघाल तर एक छोटंसं प्लास्टिकचं घर. आत किती पाणी मावतं याची कल्पना कंपनीच्या इंजिनियरलाही नसावी. काच हलती ठेवायची म्हणून भोवती फट ठेवलेली असते. फटीतून पाणी आत जातं आणि आतल्या मोटर, तारा, खाचाखोचा यांच्यात संसार थाटतं. मी वरच्या फटीत वारा मारला की खालच्या फटीतून पिचकारी येते, तीही माझ्या चष्म्यावर. खालून मारला की वरून. आरसा दुमडला की तिसरीकडून, म्हणजे बिजागरीतून. दहा मिनिटं झोडपून काढल्यावर तो कोरडा ठणठणीत वाटतो. मी मागच्या दाराकडे वळतो. तेवढ्यात पुढच्या दारावर आरशाखालून एक बारीक ओघळ शांतपणे निघतो आणि पार खालपर्यंत जातो.

दाराचं हँडल, नंबरप्लेटची मागची बाजू, पेट्रोलच्या झाकणाची खोबण, डिकीवरची कंपनीच्या नावाची अक्षरं, चाकांच्या नटांची भोकं, खिडकीच्या काचेखालची रबरी पट्टी: ही सगळी आरशाचीच भावकी. फटींत पाणी केशाकर्षणाने धरून राहतं आणि फडक्याचा कोपरा तिथवर पोचत नाही. ब्लोअरची खरी किंमत इथेच कळते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सपाट पत्रा काय, मऊ मायक्रोफायबर अलगद टेकवून टिपता येतो, आणि बारीक थेंबांसाठी तो शेवटी मीही काढतो. पण ‘एस’च्या पोटात शिरायला वाराच हवा.

गाडी आटोपली तेव्हा मी बनियनपर्यंत भिजलो होतो. बायकोने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“पाणी गेलं म्हणजे गाडीवरचं,” ती म्हणाली. “इथे आलं.”

काका अजून कुंपणाशी होते. “एवढा खटाटोप कशाला? मी म्हणतो, एक चक्कर मारून ये, वाळेल सगळी.” सल्ला अगदीच टाकाऊ नव्हता. धुतल्यावर ओल्या राहिलेल्या ब्रेकच्या चकत्यांवर एका रात्रीत नारिंगी गंज चढतो. थोडं फिरवून चार ठिकाणी ब्रेक दाबले की त्या तापतात, कोरड्या होतात. हे मी काकांना समजावून सांगितलं. त्यांनी चकत्यांचा विषय सोडून दिला आणि पुढचं दार उघडून आत बसले.

पहिल्या वळणानंतर गाडीने वेग धरला. डाव्या आरशातून, जो मी सगळ्यात जास्त वेळ झोडपला होता, एक भला थोरला थेंब बाहेर आला, काकांच्या खिडकीवर आडवा पसरला आणि वाऱ्याने मागे मागे पळत दाराच्या टोकाला पोचला. त्याच्या मागून दुसरा. मग तिसरा.

“बघ,” काका समाधानाने म्हणाले, “वाळतेय की नाही?”