सुंदर दिसायचंय? मग आधी चष्मा काढा

सौंदर्यप्रसाधनं घेताना डब्याची फक्त पुढची बाजू वाचायची. तिथे हिरवं पान असतं, दवाचा थेंब असतो, 'शंभर टक्के नैसर्गिक, केमिकल-फ्री' असतं. (पाणीही केमिकलच, पण असो.) मागची बाजू मुंग्यांसाठी छापलेली असते.

'हायपोअ‍ॅलर्जेनिक' म्हणजे 'अ‍ॅलर्जीचा धोका कमी' असं दिसलं की जास्तीचे पैसे मोजा. अमेरिकेच्या कायद्यात या शब्दाची व्याख्याच नाही, म्हणजे तो खोटा ठरायची भीती नाही!

आठवड्यात गोरं करणारं क्रीम सोडू नका. त्यात पारा निघतो कधी कधी. पाऱ्याचा वापर आवरणाऱ्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानुसार असली क्रीमं २०२० पर्यंत बंद व्हायची होती, म्हणून काय झालं? थर्मामीटर फुटला की घर डोक्यावर घ्यायचं आणि पारा गालाला चोळायचा.

केसांना मात्र काळी मेंदीच लावा. मी लावली. खरी मेंदी तांबूस रंगते, मग ही अर्ध्या तासात कोळशासारखी काळी कशी, असले प्रश्न मनात आणू नका. मी आणले नाहीत. दुसऱ्या दिवशी कपाळाला खाज, तिसऱ्या दिवशी डोळे असे सुजले की एका हाताने पापणी उघडून दुसऱ्या हातात भिंग धरून खोक्याचा तळ वाचला. पॅरा-फेनिलीनडायअमीन, केस काळे करणारं रसायन! कंपनीला फोन केला, तर पलीकडून गोड आवाजात, "४८ तास आधी पॅच टेस्ट केली होती का?" थोडा रंग आधी कातडीवर लावून बघा, ही सूचना किमतीच्या स्टिकरखाली होती. १९३३ च्या सुमारास अमेरिकेत याच रसायनाच्या रंगाने पापण्या रंगवून बायकांची दृष्टी गेली. मग १९३८ चा सौंदर्यप्रसाधनांवरचा कायदा आला, आणि त्याने कोळशाच्या डांबरापासून बनणाऱ्या केसांच्या रंगांना, म्हणजे याच जातीच्या रंगांना, सवलत दिली. इशारा छापा, सुटलात. युरोपात निदान केसांच्या रंगातल्या या रसायनाला २ टक्क्यांची मर्यादा तरी आहे.

पुरे झाली गंमत. अहो, घालायचं ते घाला, पण वर हिरवं पान कशाला छापता? 'नैसर्गिक' लिहायला बोटाएवढी अक्षरं आणि ज्याने माणूस सुजतो त्याच्या नावाला जागा नाही? वर आम्हालाच विचारता, टेस्ट केली का? ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर जात नाही. माझे केस आता पांढरेच राहणार, राहू देत. पण तो स्टिकर आधी काढा तिथून!