शिलोहाचा बुरूज विसरलात का?

‘आपत्ती म्हणजे देवाने पापाबद्दल दिलेली शिक्षा, म्हणून पश्चात्ताप करा’ हे आपत्ती आणि आशेवरच्या लेखातलं वाक्य वाचून वाईट वाटलं. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात येशू याच्या नेमकं उलट सांगतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली. ती यरुशलेममधल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असं तो विचारतो आणि स्वतःच ‘नाही’ म्हणतो. पश्चात्तापाची हाक तो देतो, पण ऐकायला उभ्या असलेल्या जिवंत माणसांना. १ नोव्हेंबर १७५५ ला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, पोर्तुगालमधल्या लिस्बनला भूकंप झाला तेव्हा चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेली माणसं ढिगाऱ्याखाली गेली. त्यांना काय सांगणार?

कोविडमध्ये आमच्या शेजारची एक बाई विधवा झाली. ‘तुमची प्रार्थना कमी पडली असेल,’ असं एका धर्मबंधूने तिला दारात उभं राहून सांगितलं. त्यानंतर कितीतरी महिने ती मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आली नाही. तिला गरज होती घरात रेशन भरून देणाऱ्याची, शेजारी गप्प बसणाऱ्याची. आपण ते वेळेवर केलं नाही, याचा पश्चात्ताप चर्चच्या मंडळीने करायला हवा. आणि आशेबद्दल लिहायचं होतं तर त्याच अध्यायात बुरुजाच्या लगेच पुढे अंजिराच्या झाडाचा दाखला, म्हणजे बोधकथा, आहे. मालक झाड तोडायला सांगतो. माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, मी भोवती खणून खत घालतो. लेखात तो माळी कुठेच नाही.