निरक्षरांचा उद्धार करायला निघालात? मग एवढं कराच

अभिनंदन! तुम्ही प्रौढ साक्षरता वर्गासाठी स्वयंसेवक म्हणून नाव दिलंत. सरकारच्या ‘उल्लास’ या साक्षरता कार्यक्रमाच्या ॲपवर नोंदणी झाली, स्टेटसला टाकून झालं, चार जणांनी हात जोडलेले इमोजीही पाठवले. म्हणजे मुख्य काम आटोपलं. राहता राहिलं शिकवणं. साक्षरता दिनाच्या निमित्ताने एक उत्साही मंडळी आमच्या वर्गावर येऊन गेली, तेव्हापासून त्या विषयातल्या माझ्या ज्ञानात बरीच भर पडली आहे. ती तुमच्यापर्यंत पोचवणं मी माझं कर्तव्य समजते.

सगळ्यात आधी, समोर बसलेल्या बाईला काहीही येत नाही हे मनाशी पक्कं करा. ती अख्ख्या भिशीचा हिशेब तोंडी ठेवत असेल, कोणाचे किती थकले आणि कोणी कुठल्या महिन्यात उचलले हे झोपेत विचारलं तरी सांगत असेल. ते सोडा. तिला बोटं दाखवून ‘दोन आणि एक किती?’ असंच विचारा. आवाज चढवून विचारलंत तर फारच छान. निरक्षर माणसाला कमी ऐकू येतं असा आपल्याकडे एक समज आहे, तो टिकवणं शेवटी आपल्याच हातात आहे.

हाक मारताना ‘ए आजी’ म्हणा. बाई पंचेचाळिशीच्या असल्या तरी.

पुस्तक पहिलीचंच आणा. बदकाचं चित्र, त्यावर टोपी, शेजारी बडबडगीत. आमच्याकडे ग, म, भ, न अशी सारख्या वळणाची अक्षरं एकत्र शिकवायची जुनी पद्धत आहे. एकाचं वळण हातात बसलं की दुसरं सापडतं, आणि चारच अक्षरांत नमन, गगन, नभ, मन असे शब्द वाचता येतात. हा भलताच धोका आहे. पहिल्याच आठवड्यात बाई आपल्या आपण शब्द लावायला लागल्या तर तुम्हाला कोण विचारणार? त्यापेक्षा मुळाक्षरं क्रमाने घ्या. ङ आणि ञ वर दोन दिवस घालवा.

तिला काय वाचायचंय, हे तर चुकूनही विचारू नका. विचारलंत की कामं वाढतात. कोणाला बसची पाटी वाचायची असते, कोणाला बचत गटाच्या रजिस्टरमध्ये आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते बघायचं असतं, कोणाला मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर उद्या सुट्टी आहे की पालकसभा एवढं कळलं तरी पुरे असतं. आमच्यातल्या एकीला फक्त फोनमधलं नवऱ्याचं नाव आणि दिराचं नाव वेगळं ओळखायचं होतं. दिवसाआड चुकून दिराला फोन जायचा आणि घरात त्यावरून रामायण व्हायचं. आता असल्या मागण्यांना तुमच्या पाठ्यक्रमात धडा आहे का? नाही ना? मग बदक.

पेन्सिलीचं टोक मोडलं की हसा. उभ्या आयुष्यात विळा आणि खराटा धरलेला हात पेन्सिलही तशीच धरतो. टोक मोडतं, कागद फाटतो, वहीच्या पुढच्या चार पानांवर ‘म’ उमटतो. तिथे ‘मावशी, हात सैल सोडा’ म्हणून थोडा वेळ नुसत्या रेघा मारायला देणारे लोक असतात म्हणे. तुमच्याकडे एवढा वेळ कुठला? तसंच चष्म्याचं. चाळिशीनंतर जवळचं दिसेनासं होतं हे तुमच्या बाबतीत खरं आहे, कारण तुम्हाला वाचता येतं. त्यांना अक्षर दिसत नसेल तर ‘जरा लक्ष द्या’ म्हणा.

वर्गाची वेळ तुमचं ऑफिस सुटण्यावर ठरवा, त्यांच्या चुलीवर नको.

बाईसोबत लेकरू आलं तर बाहेर बसवा. नाहीतर ते आईच्या मांडीवर बसून तिच्यासोबत गिरवायला लागेल, घरी गेल्यावर स्वतःचं पुस्तक तिच्यापुढे धरेल, तीही त्याला ‘वाच बघू’ म्हणेल, आणि एका घरात दोन माणसं एकदम शिकू लागतील. नोंदवहीत रकाना एकाचाच आहे.

घरच्यांनीही हातभार लावायला हवा. त्यांनी फार काही करायचं नाही. बाई वही घेऊन उंबऱ्याबाहेर पडल्या की ‘आता या वयात शिकून काय कलेक्टर होणार?’ एवढंच म्हणायचं. हे वाक्य नवरा, मुलगा, सासू कोणीही म्हणू शकतं. म्हणायला साक्षर असण्याची अटही नाही.

बँकेतल्या बंधूंचाही यात मोठा वाटा आहे. बाईने महिनोन्‌महिने स्वतःचं नाव गिरवलेलं असतं. काउंटरवर ती पेन मागते. मागे रांग. पहिलं अक्षर होईपर्यंत आतून आवाज येतो, ‘मावशी, अंगठाच द्या, लवकर होईल.’ आणि शाईचं पॅड पुढे सरकतं. तिने तरी हट्ट धरला तर खात्यावर अंगठा आहे, सही चालणार नाही. सही चालवायची तर अर्ज करा. अर्जावर काय लावायचं? अंगठा!

उल्लासच्या परीक्षेचं टेन्शन घेऊ नका. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी पन्नास, एकूण दीडशे गुण, आणि उत्तीर्ण व्हायला तेहतीस टक्के. बाईंच्या शेजारी बसा आणि हळूच सांगा. त्याहून सोपं म्हणजे तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर चांगलं आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यात ८२ टक्क्यांवर माणसं साक्षर निघाली होती. उरलेली अशीच उरकता येतील. पुढे त्या वाचतात की नाही हे बघायची आपल्याकडे रीत नाही. १९५९ साली साताऱ्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत अख्खी गावं साक्षर झाली, ग्रामगौरव समारंभ झाले. मग हाताशी वाचायला काही उरलं नाही आणि कित्येक जण शिकलेलं विसरून गेले. समारंभ मात्र झाले, ते महत्त्वाचं.

कंटाळा आला की येणं बंद करा. कळवू नका. आधीच्या साक्षर भारत योजनेत प्रेरकांना, म्हणजे गावातलं साक्षरतेचं काम बघणाऱ्यांना, महिन्याला २,००० रुपये तरी मिळायचे, तीही २०१८ ला गुंडाळली. तुम्ही तर फुकट येताय. फुकट येणाऱ्याला जाब कोण विचारणार? चार बायका वह्या घेऊन दाराशी बसून राहतील, त्यांना सवय आहे.

आणि आता सर्वात महत्त्वाची सूचना. फोटो काढा.

शिकवण्याआधी काढा, शिकवताना काढा, शिकवलं नसेल तर नक्की काढा. आमच्याकडे आलेल्या मंडळींनी यात कसलीच कसूर ठेवली नाही. बॅनर त्यांनी घरूनच छापून आणला होता. फळा नेमका मध्ये येत होता, म्हणून बॅनर फळ्यावरच बांधला. पाट्याही त्यांनी आणल्या, त्यावर मजकूरही त्यांनीच लिहिला, आणि एकेका बाईच्या हातात पाटी देऊन ‘हं, इकडे बघा, हसा’ सुरू केलं. मी पोचेपर्यंत उरकलंच होतं. एका मावशींनी मला बघून हातातली पाटी पुढे केली आणि विचारलं, ‘ताई, काय लिवलंय ह्यावर?’

त्यावर लिहिलं होतं, ‘मी अंगठाबहाद्दर होते, आता मी शिकते आहे.’

जोडाक्षरांपर्यंत आम्ही अजून आलोच नव्हतो. आपल्या हातात आपल्याबद्दल काय लिहून दिलंय, हे त्यांना वाचता येत नव्हतं. ते वाचता यावं म्हणूनच त्या येत होत्या ना? आणि नेमकं तेच त्यांना न सांगता, त्यांच्याच हातात देऊन, त्यांना हसायला लावलं. संध्याकाळपर्यंत तो फोटो तीन ग्रुपवर फिरला. खाली हार्ट, टाळ्या, ‘सलाम या जिद्दीला’. त्यातल्या एका ग्रुपवर त्यांच्या लेकीच्या सासरचे होते.

मावशी घरी सांगून यायच्या की भजनाला जाते. लेकीचं लग्न ठरताना सासरच्यांना ‘आई सातवी शिकलेली’ असं सांगितलेलं. हे वर्गातल्या सगळ्याजणींना माहीत होतं आणि कोणी कधी बाहेर बोललं नव्हतं. मी त्यांच्या घरी गेले तर त्यांनी दार अर्धंच उघडलं. ‘ताई, आता नको. समद्यांना कळलं.’ वही परत दिली मला. त्यात शेवटच्या पानावर त्यांचं नाव होतं, आडनावातला ‘र’ उलटा काढलेला.

आता मला उपरोध वगैरे जमत नाही, सरळच सांगते. तुम्ही त्या बाईंना विचारलंत का? एकदा तरी? त्यांचं नाव माहीत होतं का तुम्हाला? तुमच्या आईचा असा फोटो कोणी तिला न सांगता गावभर फिरवला असता तर चाललं असतं? मोठं माणूस शिकायला येतं तेव्हा ते अक्षराला भीत नाही, लोकांना भितं. ती भीती जायला महिने लागतात. तुम्ही ती अर्ध्या तासात परत आणून बसवलीत आणि वर प्रमाणपत्र मागताय. हो, प्रमाणपत्र मागायला फोन आला होता. ‘मॅडम, आमच्या सेवेचं सर्टिफिकेट कधी मिळेल?’ कसली सेवा हो?

तो फोटो काढून टाका. तिन्ही ग्रुपवरून, आणि ज्यांनी पुढे पाठवला त्यांना फोन करून. मावशींकडे जाऊन माफी मागायची उपरती झाली तर आधी मला विचारा, परस्पर घोळक्याने त्यांच्या दारात जाऊ नका. आणि खरंच शिकवायचं असेल तर एकट्या या, मोबाइल पिशवीत ठेवून या, एका बाईला हाताशी धरा आणि तिचं पुस्तक संपेपर्यंत या. जमणार नसेल तर आत्ताच नाही म्हणा, मला राग येणार नाही.

आणि तो बॅनर सोडवून घेऊन जा. गाठी एवढ्या आवळून मारल्यात की आमच्याच्याने सुटत नाहीत, आणि त्याच्यामागचा फळा आम्हाला रोज लागतो.