मोशन सीट, ब्रेक पेडल आणि मागची चाकं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

मोशन सीटवरच्या, म्हणजे घरच्या रेसिंग गेमच्या रिगवर (स्टीअरिंग, पेडल आणि खुर्चीचा सांगाडा) गाडीसारख्या हलणाऱ्या खुर्चीवरच्या, माझ्या पोस्टखालची तुमची कॉमेंट दोनदा वाचली, आणि एवढं मुद्देसूद लिहिलंत म्हणून उत्तरही जरा लांबलचक देतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मोशन सीट म्हणजे मॉलमधला झुलणारा घोडा, दहा अंश खुर्ची वाकवून रेसकारचा जी (शरीरावर येणारा जोर, गुरुत्वाकर्षणाच्या पटीत) कधी येत नाही, टॉपचे ई-स्पोर्ट्सवाले असलं काही वापरत नाहीत, लोड सेल ब्रेकची (पायाचा जोर मोजणारं पेडल) सवय बिघडते, आणि तेवढ्या पैशात माणूस चांगले पेडल आणि चांगला डायरेक्ट ड्राइव्ह (थेट मोटरवर बसवलेलं स्टीअरिंग) घेईल. शेवटी विचारलंय की लॅप टाइम किती कमी झाला ते सांग.

जी-फोर्सचं आधी घेऊ, कारण तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. खुर्ची दहा अंश पुढे वाकवली की गुरुत्वाकर्षणाचा जो हिस्सा तुम्हाला पुढे ओढतो तो साधारण ०.१७ जी. जीटी३ गाडी (रोडवरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेली रेसकार) ब्रेकला दीड जी आणि त्याच्याही वर जाते. म्हणजे एक दशांशाच्या आसपास, बस. विमानांच्या मोठ्या सिम्युलेटरमध्ये हीच युक्ती वापरतात, प्लॅटफॉर्म इतका हळू वाकवायचा की कानातल्या समतोलाच्या नळ्यांना फिरल्याचं कळतच नाही, आणि पायलटला वाटतं विमान वेग घेतंय. पण त्यासाठी सेकंदाला दोन-तीन अंशांच्या आत राहावं लागतं, म्हणजे दहा अंश गाठायला तीन ते पाच सेकंद गेले. जीटी३चा ब्रेकिंग झोन तेवढ्यात संपून तुम्ही एपेक्सला, म्हणजे वळणाच्या आतल्या टोकाला असता! आणि पटकन वाकवलं तर शरीर सरळ सांगतं की खुर्ची वाकली, गाडी थांबत नाहीये. त्यामुळे घरच्या मोशन सीटकडून "खरा जी" मागायचाच नाही, तो मागणारा प्रत्येक जण निराश होणार हे मी लिहून देतो.

मग ती कशासाठी? माझ्या मते एकाच कामासाठी, मागच्या चाकांची खबर लवकर मिळावी म्हणून.

बघा, डायरेक्ट ड्राइव्ह कितीही महागडा घ्या, फोर्स फीडबॅक (स्टीअरिंगमधून हाताला जाणवणारा जोर) येतो तो स्टीअरिंग रॅकमधून, म्हणजे पुढच्या चाकांमधून. मागचं टायर सुटायला (पकड सोडून सरकायला) लागलं की स्टीअरिंग व्हील सांगतं, नाही असं नाही, पण ते सांगतं गाडी फिरायला लागल्यावर, पुढची चाकं काउंटर स्टीअरकडे (घसरण सावरायला उलट्या बाजूला) ओढायला लागल्यावर. डोळे त्याच्याही नंतर. खऱ्या गाडीत ही बातमी सगळ्यात आधी बुडाला आणि कमरेला येते, कार्टिंग केलेल्या कुणालाही विचारा. घरच्या स्टॅटिक, म्हणजे न हलणाऱ्या रिगवर ही वाट पूर्ण बंद असते, आणि आपण सगळे टायरच्या आवाजावर आणि सवयीवर काम भागवतो. भागतंही, तुमच्यासारख्या जुन्या हाताचं तर फारच छान भागतं.

अमेरिकेतल्या सेब्रिंग ट्रॅकचं टर्न १७ घ्या. जुना लष्करी विमानतळ होता तो, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळचे काँक्रीटचे स्लॅब अजून ट्रॅकच्या काही भागात आहेत, आणि शेवटचा तो लांबच लांब उजवा टर्न म्हणजे धक्क्यांची रांग. आयरेसिंग या रेसिंग गेममध्ये एमएक्स-५ ही माझदाची छोटी गाडी घेऊन तिथे गेलात की सगळा भार डाव्या बाजूला असतो आणि प्रत्येक धक्क्याला मागची चाकं क्षणभर हलकी होतात. स्टॅटिक रिगवर ते धक्के मला व्हीलमध्ये जाणवायचे, पण कुठला धक्का पुढच्या टायरने खाल्ला आणि कुठल्याने मागचं टोक सरकवलं हे वेगळं काढता यायचं नाही, सगळाच खडखडाट. आता डाव्या कुशीवर सीटचा दाब असतो आणि मागचं सरकलं की तो दाब एकदम ढिला पडतो, अगदी बारीक, खुर्ची बाहेरून बघणाऱ्याला हललेली कळणारसुद्धा नाही. हात तेवढ्यावर आपोआप अर्धा इंच उघडतो. मी या क्षणासाठी मोशन सीट ठेवलीये, बाकी सगळं बोनस.

आता "झुलणारा घोडा" कुठून आला ते सांगतो, कारण तुम्ही लिहिलंय की एका गेमिंग सेंटरमध्ये बसून बघितली. तिथे सेटिंग असतं ते बघणाऱ्यांसाठी. सगळे स्लायडर शंभरावर, वरून स्मूदिंग (हालचालीचे झटके गुळगुळीत करणारं सेटिंग) भरपूर, म्हणजे खुर्ची मोठ्या डौलाने उशिरा हलते. स्मूदिंग वाढवलं की उशीर वाढतो हे सरळ आहे, आणि आधीच आयरेसिंगची टेलिमेट्री (गेममधून येणारी गाडीची माहिती) सेकंदाला ६० वेळा येते, त्यावर फिल्टर, त्यावर मोटरचा वेळ, असं करत करत खुर्ची जेव्हा सांगते "मागचं सुटलं" तेव्हा तुम्ही वाळूत असता. असली सीट मी पण फुकट घेणार नाही. फॉर्म्युला वनच्या टीम सिम्युलेटरवर एवढा खर्च करतात तिथेही खटपट याच्यासाठीच असते, हालचाल किती मोठी यापेक्षा ती किती लवकर आणि किती नेमकी येते यासाठी.

माझं सेटिंग विचारणारे बरेच आहेत म्हणून इथेच देतो. सीटखाली बसणारा दोन ॲक्सिसचा मूव्हर आहे, पिच (पुढे-मागे झुकणं) आणि रोल (डावी-उजवीकडे झुकणं). वर-खाली तो जात नाही, त्यामुळे धक्के पिचच्या छोट्या ठोक्यातून येतात आणि कर्ब, इंजिन, एबीएस हे सगळं बेस शेकरवर (खुर्ची थरथरवणारा स्पीकरसारखा भाग) सोडलंय, सिमहब या सॉफ्टवेअरमधून. रोलला बाजूचा जी कमी आणि मागच्या चाकांची स्लिप (सरकणं) जास्त. पिच एकूण क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी. स्मूदिंग जवळजवळ शून्य, थोडं खरखरीत वाटलं तरी चालेल.

पिच एवढा कमी का, तर तुमचा ब्रेकचा मुद्दा. कॉमेंटमधला हाच मुद्दा मला सगळ्यात भारी वाटला आणि मोशन सीट विकणारे याबद्दल बोलत नाहीत. सीट मूव्हर फक्त खुर्ची हलवतो, पेडल आणि व्हील जागेवर राहतात. लोड सेल अंतर मोजत नाही, जोर मोजतो, आणि तो जोर तुम्ही पाठ खुर्चीला टेकवून मारता. आता ब्रेक मारल्याबरोबर खुर्चीच पुढे झुकली तर कंबर पेडलच्या जवळ येते, गुडघ्याचा कोन बदलतो, आणि त्याच पायाने जरा वेगळा जोर पडतो. ट्रेल ब्रेकिंग (वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडणं) करताना तर पाय हळूहळू उचलतोय आणि खुर्ची त्याच वेळी परत मागे जातेय, असा गोंधळ. यावर दोनच मार्ग: एक म्हणजे पिच इतका कमी ठेवायचा की कंबर जागची हलणार नाही, फक्त सुरुवातीचा धक्का कळेल. दुसरा म्हणजे अख्खी रिग हलवणारे चार कोपऱ्यांचे ॲक्च्युएटर (मोटरवर वर-खाली होणारे पाय), त्यात पेडल, व्हील, सीट सगळं एकत्र हलतं आणि हा प्रॉब्लेम मुळातच येत नाही, पण खर्च, वजन आणि आवाज तिन्ही वाढतात. आमच्यासारख्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये खालच्यांच्या सीलिंगचा विचार करावा लागतो, रबरचे पॅड टाकले तरी.

व्हीआरवाल्यांसाठी एक ओळ, खुर्ची हलली की डोकं हलतं आणि हेडसेटला वाटतं तुम्ही कॉकपिटमध्ये वाकलात, त्यामुळे मोशन कॉम्पेन्सेशन लावल्याशिवाय बसू नका, मळमळ ठरलेली.

ई-स्पोर्ट्सवाल्यांचं म्हणाल तर खरंय, बहुतेक जण स्टॅटिकवर असतात. पण त्यांचं कारण वेगळं आहे. स्टेजवर जी रिग मिळते ती स्टॅटिक, मग घरी सराव पण तसाच करायचा, शिवाय एकच गाडी एकच ट्रॅक हजारो लॅप मारून त्यांना मागचं टोक कुठे सुटणार हे पाठ असतं. मी आज पोर्शे कप, उद्या एमएक्स-५, परवा ओलं नॉर्डश्लाइफे (जर्मनीतला लांबलचक न्युरबर्गरिंग ट्रॅक) असा फिरणारा माणूस. मला पाठ नसतं, मला त्या क्षणी कळावं लागतं.

पैशाच्या क्रमाबद्दल मी तुमच्याच बाजूने आहे आणि ते पोस्टमध्येही लिहिलं होतं, खाली कुठेतरी. आधी लोड सेल ब्रेक, मग न वाकणारी ॲल्युमिनियम प्रोफाइलची फ्रेम, मग डायरेक्ट ड्राइव्ह, मग बेस शेकर, आणि हे सगळं झाल्यावर मोशन. डुगडुगणाऱ्या रिगवर मोशन सीट लावणाऱ्याला मी स्वतः फोन करून थांबवीन. आणि हो, लावलीच तर नट सगळे नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले) घ्या, साधे नट हलून हलून ढिले होतात, आणि इमर्जन्सी स्टॉपचं बटण बसल्या जागेवरून हाताला येईल असं लावा, घरात लहान मुलं असतील तर त्याशिवाय मोटर चालूच करू नका.

लॅप टाइम. क्वालिफायिंगचा एक लॅप घेतलात तर फरक नाही, मोशन बंद ठेवूनही मी तेवढाच मारतो. फरक दिसतो लांब स्टिंटमध्ये (न थांबता सलग मारलेल्या लॅपमध्ये), टायर गेल्यावर, जिथे प्रत्येक लॅपला मागचं टोक जरा वेगळ्या ठिकाणी सुटतं. तिथे माझी गाडी कमी वेळा स्पिन होते आणि दोन लॅपमधलं अंतर आटोक्यात राहतं. जे लोक एकट्याने हॉटलॅप (फक्त वेळेसाठी मारलेला एक वेगवान लॅप) मारतात त्यांना म्हणूनच मी ही सीट सुचवत नाही, तुम्ही बहुधा त्यातलेच दिसता.

पण गेमिंग सेंटरच्या त्या खुर्चीवरून ठरवू नका ही कळकळीची विनंती. तुम्ही लिहिलंय पुण्यातच असता, तर एखाद्या रविवारी घरी या. तुमचे रेसिंग शूज आणा, सेटिंग तुमच्या हाताने लावा, सेब्रिंगला एमएक्स-५ घेऊन अर्धा तास मोशन बंद आणि अर्धा तास चालू करून बघा, आणि लॅप टाइमऐवजी टर्न १७ला किती वेळा मागचं टोक पकडलंत तेवढं मोजा. नंतरही मत हेच राहिलं तर तुमची कॉमेंट जशीच्या तशी पोस्टमध्ये वर टाकतो.